खडूची खूण

दर महिन्याच्या पाच तारखेला
पोलादी फितीला निळा खडू फासून
मी म्हाबळू जल्मींच्या बांयत सोडते.
बाराच्या आकड्यावर काठाशी धरायची,
मग वर ओढायची,
ओल जिथे चढून थांबली तो आकडा
बारातून वजा करायचा.
एवढीच नोकरी. सरकारी, पण कंत्राटी.
पाणी मला दिसत नाहीच,
ते कुठवर आलं होतं तेवढं कळतं.

नोव्हेंबरात मी म्हणाले, "आठ मीटर चाळीस."
पडवीतून म्हाबळू म्हणाले, "बेचाळिसावा चिरा."
ते सकाळीच मोजून बसलेले असतात,
दाढीच्या आरशानं ऊन आत फेकून
एकेक थर उतरत.
वही नाही. शिगम्याला कितवा, पुरुमेंताला कितवा,
साठ वर्षांचं तोंडपाठ.
माझ्या नोंदवहीला चार वर्षं झाली.

आमच्या गावात पाण्यासाठी आभाळाकडे कमी
आणि सड्याकडे जास्त बघतात.
मार्चात पायाला चटके देणारा उघडा सडा,
गुरंसुद्धा थांबत नाहीत तिथे.
पण जांभा म्हणजे दगडाचं घावन, अंगभर भोकं.
श्रावणात प्यालेलं तो लगेच सांडत नाही.
ते उतरत जातं,
आणि खाली शेडी लागते, पांढरी, साबणासारखी माती,
पाण्याला वाट न देणारी.
मग पाणी आडवं चालू लागतं.
मुंगीसुद्धा त्याच्याहून घाईची.
वाटेत कुणाच्या बांयत डोकावतं,
डोंगर संपतो तिथे झर होऊन
कुळागरात शिरतं, पोफळींच्या पाटात,
मिरवेलीच्या मुळाशी.
मेच्या दुपारी तुम्ही पाय धुता
ते पाणी चवथीच्या आधीचं असतं.

म्हाबळूंचा नातू मिथिल, सहावीतला,
जलचक्र काढत होता.
समुद्र, वाफ, ढग, पाऊस, नदी, परत समुद्र,
बाण सगळे गरगरत.
"यात आपली बांय कुठे?"
मी पाहिलं. जमिनीखाली पुस्तकानं
एक तपकिरी पट्टा दिला होता.
त्यात बाण नव्हता.

डिसेंबरात मला फितीचाच संशय आला.
तीनदा मोजलं. पाच चिरे खाली,
एका महिन्यात.
"आठ दिवसांत," म्हाबळू म्हणाले,
आणि काठाला कान लावायला सांगितलं.
दगडातून घुमत होतं काहीतरी,
भुंग्यासारखं, न थांबता.
वर सड्यावर अठ्ठावीस बंगले,
दर बंगल्याला एक निळं तळं,
आणि शेडी भोसकून गेलेली बोअर.

नोंदवहीत 'शेरा' नावाचा रकाना असतो,
दोन बोटं रुंद.
"लिही," म्हाबळू म्हणाले, "पाणी गेलं नाही, नेलं."
मी लिहिलं: पातळीत घट. कारण पाहावे.
फोंड्याच्या कचेरीत एवढंच चालतं.

फेब्रुवारीत झर तुटली.
पाटात पोफळीच्या झावळ्या पडून राहिल्या.
कायतान टँकर घेऊन आला.
पाणी कुठलं, विचारलं,
तर त्यानं हनुवटीनं सड्याकडे दाखवलं.
आमचंच पाणी,
आठ महिन्यांची वाट वीस मिनिटांत उतरून,
पाचशे रुपये फेरी.
म्हाबळूंनी पैसे मोजून दिले. तेही दोनदा मोजून.

मिथिलनं चित्रात एक बाण वाढवला,
सड्याच्या पोटातून झरीकडे.
"न दिसणाऱ्या पाण्याला कुठला रंग?"
मी खिशातला खडू दिला.
बाईंनी त्या बाणाभोवती लाल गोल केला:
पुस्तकात नाही.
त्यानं तो पुसला नाही,
पण परत आमच्यासमोर वहीही उघडली नाही.

आज मेची पाच.
आरसा पडवीतल्या खिळ्यालाच आहे,
म्हाबळूंनी सकाळी उतरवला नाही.
फितीच्या टोकाला थोडा चिखल आला,
आणि चिखलाच्या वर, दोन बोटं,
ओल.
या उन्हात ती लगेच सुकते.
आकडा लिहून होईपर्यंत
मी डाव्या हाताची सावली धरून उभी राहते.